चाचणीनंतरचा केर कोणी काढायचा?

सॉफ्टवेअरच्या स्वयंचलित चाचण्या आटोपल्यावर मागे उरणाऱ्या फायली हा आजवर संगणक अभियंत्यांच्या आपसातील कुरकुरीचा विषय होता. २०२४ मध्ये उघडकीस आलेल्या 'एक्सझेड' प्रकरणाने तो साऱ्या जगाच्या सुरक्षिततेशी जोडला. हा केर साठू दिला तर काय होते आणि आंधळेपणाने काढला तर काय होते, याचा आढावा.

२९ मार्च २०२४ रोजी युरोप-अमेरिकेत गुड फ्रायडेची सुटी सुरू झाली होती. त्याच दिवशी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने एक निवेदन प्रसिद्ध केले आणि जगभरातील सुरक्षा तज्ज्ञांची सुटी संपुष्टात आली. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणारे फ्रॉइंड त्या सुमारास 'पोस्टग्रेस' या डेटाबेसच्या वेगाची मोजमापे घेत होते. दूरच्या संगणकात प्रवेश देणारी 'एसएसएच' ही यंत्रणा नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद जास्त घेत आहे, असे त्यांना आढळले. एरवी कोणीही दुर्लक्ष केले असते, इतका हा फरक क्षुल्लक होता. फ्रॉइंड यांनी मात्र त्याचा माग काढला. तो 'एक्सझेड युटिल्स' या, फायली आकुंचित करणाऱ्या एका छोट्या मुक्तस्रोत सॉफ्टवेअरपाशी जाऊन थांबला. त्यात कोणीतरी चोरदरवाजा बसवलेला होता. त्या दरवाजाची गुप्त किल्ली ज्याच्या हाती, त्याला अशा संगणकावर दुरून हव्या त्या आज्ञा चालवता आल्या असत्या.

धोक्याची तीव्रता मोजण्याच्या रूढ पट्टीवर या त्रुटीला १० पैकी १० गुण देण्यात आले. इंटरनेटवरील सर्व्हरांचा फार मोठा हिस्सा लिनक्स या कार्यप्रणालीवर चालतो आणि 'एक्सझेड' लिनक्सच्या बहुतेक वितरणांत असतेच, हे लक्षात घेतले म्हणजे या गुणांचा अर्थ कळतो. सुदैवाने दूषित झालेल्या ५.६.० आणि ५.६.१ या दोन आवृत्त्या फेडोरा, डेबियन आदी वितरणांच्या मुख्यतः चाचणीसाठी असलेल्या शाखांपर्यंतच पोहोचल्या होत्या. काही आठवडे उशीर झाला असता, तर त्या सर्वसामान्य वापरात गेल्या असत्या.

हे कोणी केले, यावर त्या वेळी भरपूर चर्चा झाली. चोरदरवाजा कोठे दडवला होता, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. तो होता चाचण्यांसाठी ठेवलेल्या फायलींच्या फोल्डरमध्ये. ज्या दोन फायलींत घातक आज्ञावली लपवली होती, त्या ५.६.० या आवृत्तीतील एकाही चाचणीत प्रत्यक्ष वापरल्या जात नव्हत्या. चाचणीच्या नावाने आलेल्या, कोणत्याही चाचणीला न लागणाऱ्या आणि तरीही कोणी हात न लावलेल्या या फायली होत्या. सॉफ्टवेअर क्षेत्रातील लहान-मोठ्या सर्व प्रकल्पांना ओळखीचे असणारे हे चित्र आहे. म्हणूनच चाचण्यांच्या अडगळीचा प्रश्न मुळातून समजून घेण्याची गरज आहे.

मांडामांड आणि आवराआवर

पूर्वी सॉफ्टवेअर तयार झाले की काही माणसे ते हाताने वापरून पाहत आणि चुका लिहून काढत. आजही हे काम चालते, परंतु त्याचा मोठा भार स्वयंचलित चाचण्यांनी उचलला आहे. मूळ आज्ञावलीच्या जोडीला तिची परीक्षा घेणारी दुसरी आज्ञावली लिहिली जाते. एखाद्या मध्यम आकाराच्या प्रकल्पात अशा चाचण्यांची संख्या सहज हजारांत जाते आणि कोणी एक ओळ बदलली तरी त्या सगळ्या पुन्हा चालवल्या जातात. सगळ्या उत्तीर्ण झाल्या तरच बदल स्वीकारला जातो.

प्रत्येक चाचणीचे साधारणपणे चार टप्पे असतात. आधी मांडामांड, मग प्रत्यक्ष काम, त्यानंतर निकालाची तपासणी आणि शेवटी आवराआवर. मांडामांडीत नमुन्याच्या फायली, तात्पुरती फोल्डरे, खोटी खाती, छोटे डेटाबेस तयार केले जातात. आवराआवरीत ते सारे काढून टाकायचे असते. १९९७ मध्ये केंट बेक आणि एरिक गामा यांनी जावा भाषेसाठी लिहिलेल्या 'जेयुनिट' या साधनाने ही पद्धत घरोघरी पोहोचवली. त्यातील शेवटच्या टप्प्याचे नाव 'टेअरडाउन', म्हणजे उभारलेले उतरवून ठेवणे.

मंगल कार्यालयाचा व्यवहार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या टप्प्याचे महत्त्व वेगळे सांगण्याची गरज नाही. सकाळचे लग्न आटोपल्यावर पंगतींच्या पत्रावळी, हारांच्या पाकळ्या आणि भिंतीवरची आधीच्या वधूवरांची नावे तशीच राहिली, तर संध्याकाळच्या कार्यातील पाहुण्यांची पंचाईत होते. चाचण्यांचेही तसेच असते. येथे एका दिवसात एकाच जागी हजारो कार्ये लागतात आणि प्रत्येकाला जागा कोरी मिळेल, असे गृहीत धरलेले असते.

खोटे नापास, खोटे पास

हे गृहीतक मोडले की काय होते, ते एका साध्या उदाहरणावरून समजेल. बँकेच्या सॉफ्टवेअरची एक चाचणी आहे. ती नमुन्याच्या खात्याची फाइल तयार करते. त्यात १,००० रुपये शिल्लक दाखवते. २०० रुपये काढते आणि ८०० उरले का, हे तपासते. फाइल आधीपासून असेल तर ती नव्याने तयार करायची नाही, असे चाचणी लिहिणाऱ्याने ठरवले आहे. पहिल्या वेळी चाचणी उत्तीर्ण होते. फाइल पुसायची मात्र राहून जाते. दुसऱ्या वेळी सुरुवातच ८०० रुपयांनी होते, ६०० उरतात आणि चाचणी नापास होते. बँकेच्या आज्ञावलीत काहीही बिघडलेले नसते. तरीही एखादा अभियंता त्या निकालामागे अर्धा दिवस धावत राहतो.

याहून धोकादायक प्रकार उलट्या दिशेचा आहे. खात्याचा उतारा फाइलच्या रूपात बाहेर काढण्याची सोय आहे आणि 'अशी फाइल तयार झाली का' एवढेच चाचणी पाहते. काल चाचणी चालली तेव्हाची फाइल तशीच पडून आहे. आज कोणीतरी केलेल्या बदलामुळे उतारा निघेनासा झाला. पण चाचणीला कालची फाइल सापडते आणि ती 'उत्तीर्ण' असा निर्वाळा देते. खोटा नापास निकाल वेळ खातो. खोटा पास निकाल सदोष सॉफ्टवेअर थेट ग्राहकाच्या हाती देतो.

तिसरा प्रकार चाचण्यांच्या क्रमाचा. पहिल्या चाचणीने मागे ठेवलेल्या फाइलवर दुसरी नकळत अवलंबून असते. दोन्ही त्याच क्रमाने चालल्या तर सारे सुरळीत असते. क्रम बदलला, किंवा वेळ वाचवण्यासाठी दोन्ही एकाच वेळी चालवल्या, की कधी पास आणि कधी नापास असा खेळ सुरू होतो. 'माझ्या संगणकावर तर चालते' हे सॉफ्टवेअर कंपन्यांत रोज ऐकू येणारे वाक्य अनेकदा अशाच एखाद्या विसरलेल्या फाइलमधून जन्माला आलेले असते.

अशा लहरी चाचण्यांचा अभ्यासही झालेला आहे. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ मध्ये अपाचे प्रतिष्ठानच्या ५१ प्रकल्पांतील अशा चाचण्यांच्या दुरुस्त्या तपासल्या. लहरीपणाच्या कारणांमध्ये समांतर कामांतील वेळेचा गोंधळ अर्थातच सर्वांत वर होता. परंतु सुमारे १२ टक्के प्रकरणांचे मूळ एका चाचणीचे उरलेले दुसरीला बाधणे, या प्रकारात होते. गुगलने २०१६ मध्ये जाहीर केल्याप्रमाणे, त्या कंपनीतील जवळजवळ १६ टक्के चाचण्यांत कमी-अधिक प्रमाणात लहरीपणा होता. त्यात सगळा दोष केराचा नसला, तरी परिणाम एकच होतो. रोज खोटी आरोळी देणाऱ्या राखणदाराकडे गाव लक्ष देईनासे होते, आणि मग एखाद्या दिवशी खरोखरच चोर येतो.

मंगळावरची अडगळ

साठत जाणाऱ्या फायलींचा प्रश्न केवळ निकालांपुरता नसतो. त्या जागा व्यापतात आणि जागा संपेपर्यंत त्यांच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पृथ्वीवरचे नाही.

'नासा'ची 'स्पिरिट' ही बग्गी जानेवारी २००४ च्या पहिल्या आठवड्यात मंगळावर उतरली. २१ जानेवारी रोजी तिचा पृथ्वीशी असलेला संपर्क विस्कळित झाला. पुढील काही दिवसांत तिचा संगणक साठाहून अधिक वेळा आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू झाला. तपासाअंती कारण निघाले ते फायलींचे. प्रवासाच्या काळातील आणि उतरल्यानंतरच्या हजारो फायली तिच्या कायमस्वरूपी स्मृतीत साठल्या होत्या. त्यांची यादी सांभाळण्यासाठी लागणारी चालू स्मृती कमी पडू लागली होती. संगणक सुरू होताना ती यादी वाचायला जाई, स्मृती संपे आणि तो पुन्हा बंद पडे.

या घटनेतील एक तपशील विशेष बोलका आहे. जुन्या फायली काढून टाकण्याची गरज नियंत्रकांच्या ध्यानात आलेली होती. त्यासाठीची आज्ञावली दोन भागांत पाठवली गेली. परंतु एकच भाग बग्गीपर्यंत पोहोचला. दुसरा पुन्हा पाठवण्यापूर्वीच बग्गी अडखळली. जमिनीवरील चाचण्यांत यंत्रणा सलग इतके दिवस, इतक्या फायली साठेपर्यंत चालवलेलीच नव्हती. अखेर फेब्रुवारीमध्ये ती स्मृती पुसून नव्याने मांडण्यात आली आणि ९० मंगळदिवसांसाठी पाठवलेल्या 'स्पिरिट'ने २०१० पर्यंत काम केले. केर काढणे ही सवडीने करण्याची गोष्ट नाही, हे मंगळावरून शिकावे लागले.

'एक्सझेड'चा धडा

आतापर्यंत पाहिलेली अडगळ निष्काळजीपणातून आलेली होती. 'एक्सझेड' प्रकरणात ती हेतुपुरस्सर आणली गेली, आणि निष्काळजीपणाची सवय हेच हल्लेखोराचे भांडवल होते.

'जिया टॅन' या नावाने वावरणाऱ्या व्यक्तीने किंवा गटाने २०२१ पासून या प्रकल्पाला मदत करण्यास सुरुवात केली. प्रकल्पाचे मूळ कर्ते लासे कॉलिन हे तो विनामोबदला, छंद म्हणून सांभाळत होते आणि तसे त्यांनी २०२२ मध्ये जाहीरपणे सांगितलेही होते. काम वाढत होते आणि हात कमी होते. अशा वेळी चिकाटीने, बिनचूक काम करणाऱ्या सहकाऱ्याचा हात कोण नाकारील? हळूहळू 'जिया टॅन'ला सहव्यवस्थापकाचे अधिकार मिळाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये 'चाचणीसाठी' म्हणून काही फायली प्रकल्पात दाखल झाल्या.

त्यांतील एका फाइलच्या नावात ती बिघडलेली असल्याचे म्हटले होते, तर दुसरीच्या नावात ती चांगली आणि मोठी असल्याचे. आकुंचन करणाऱ्या सॉफ्टवेअरच्या चाचण्यांत अशा फायली असणे अगदी स्वाभाविक आहे. बिघडलेली फाइल समोर आली असता सॉफ्टवेअर कोसळत नाही ना, हे पाहण्यासाठी बिघडलेली फाइल लागतेच. शिवाय अशा फायली मनुष्याला वाचता येईल अशा मजकुराच्या नसतात. उघडून पाहणाऱ्याला निरर्थक चिन्हांची रांगोळीच दिसणार. एखाद्याने त्या तपासायच्या ठरवल्या असत्या, तरी आत काय आहे हे नजरेने कळण्याचा मार्ग नव्हता.

पुढची चलाखी वाटपासाठी तयार केलेल्या गठ्ठ्यात होती. सर्वांना दिसणाऱ्या मूळ आज्ञावलीत नसलेला एक छोटा मजकूर त्यात घालण्यात आला. सॉफ्टवेअर बांधले जात असताना हा मजकूर चाचणीच्या फाइलमधून घातक भाग बाहेर काढी आणि तयार होणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये मिसळून देई. 'जिया टॅन' या नावामागे कोण होते, हे जाहीरपणे सिद्ध झालेले नाही.

येथे एक साधा प्रश्न उपस्थित होतो. 'ही फाइल कोणत्या चाचणीसाठी आहे?' असे जर कोणी विचारले असते, तर त्याचे उत्तर 'कोणत्याही नाही' असे आले असते. हा प्रश्न विचारण्यासाठी सुरक्षाशास्त्रातील प्रावीण्याची गरज नव्हती. चाचण्यांच्या फोल्डरात नेमाने झाडलोट करणाऱ्या कोणालाही तो पडला असता. परंतु ज्या घरात अडगळ नेहमीचीच असते, तेथे एक नवे गाठोडे आले तरी कोणाच्या भुवया उंचावत नाहीत. मे २०२४ मध्ये कॉलिन यांनी चोरदरवाजा आणि संशयित फायली काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली.

झाडूही जपून

यावर 'जे उरले ते सरसकट पुसून टाका' हा उपाय सुचणे साहजिक आहे. मात्र आंधळी सफाई ही अडगळीइतकीच महाग पडू शकते, हे दाखवणारी उदाहरणेही कमी नाहीत.

जानेवारी २०१५ मध्ये 'स्टीम' या संगणक-खेळांच्या लोकप्रिय सेवेच्या लिनक्सवरील सॉफ्टवेअरमधील एक दोष उघड झाला. आपले फोल्डर पुसून स्वच्छ सुरुवात करण्यासाठी त्यात एक ओळ होती. फोल्डरचा पत्ता एका चलात साठवलेला असे आणि 'या पत्त्याखालील सारे पुसा' अशी आज्ञा दिली जाई. काही वापरकर्त्यांनी फोल्डर दुसरीकडे हलवले तेव्हा पत्ता रिकामा निघाला. रिकाम्या पत्त्याखालचे सारे म्हणजे संपूर्ण संगणकावरचे, वापरकर्त्याला पुसण्याचा अधिकार असलेले सारे. कागदपत्रे, छायाचित्रे आणि जोडलेल्या डिस्कवरील राखीव प्रतीही पुसल्या गेल्याची तक्रार आली. त्या ओळीच्या वर 'भीतिदायक' या अर्थाचा शेरा आज्ञावली लिहिणाऱ्याने स्वतःच मारून ठेवला होता. शेरा लिहिला गेला. पत्ता रिकामा नाही ना, ही तपासणी मात्र लिहिली गेली नाही.

दुसरे उदाहरण 'गिटलॅब' या कंपनीचे. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री तेथील एक अभियंता डेटाबेसची दुय्यम प्रत पुन्हा जुळवण्याच्या खटपटीत होता. दुय्यम सर्व्हरवर शिल्लक राहिलेले फोल्डर आड येत असावे, असे समजून त्याने ते पुसण्याची आज्ञा दिली. क्षणभरात लक्षात आले, की आज्ञा दुय्यम सर्व्हरवर नव्हे, तर मुख्य सर्व्हरवर दिली गेली आहे. ती थांबवेपर्यंत सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचार गिगाबाइट एवढीच माहिती उरली होती. राखीव प्रती घेण्याच्या ज्या अनेक व्यवस्था कागदोपत्री होत्या, त्यांतील एकही त्या रात्री धड उपयोगी पडली नाही. सुमारे सहा तासांपूर्वी, एका वेगळ्याच कामासाठी, चाचणीच्या सर्व्हरकरिता घेतलेली एक प्रत तेवढी हाती लागली. तिच्या आधारे सेवा पुन्हा उभी राहिली. मधल्या काळातील सुमारे ५,००० प्रकल्पांचे, ५,००० अभिप्रायांचे आणि ७०० नव्या खात्यांचे तपशील मात्र गेले.

म्हणजे चाचणीसाठी काढलेली एक उरलीसुरली प्रत हीच त्या रात्री कंपनीची तारणहार ठरली. केर कोणता आणि ठेवा कोणता, हे केवळ फाइलकडे पाहून ठरत नाही. ती कोणी, कशासाठी, किती काळासाठी ठेवली, याची नोंद असावी लागते.

हाच पेच चाचण्यांतही येतो. चाचणी नापास झाली की तिने तयार केलेल्या फायली हा पुरावा असतो. नेमके काय चुकले, हे त्यांतूनच कळते. आवराआवर जर तत्परतेने सारे पुसून टाकत असेल, तर तपास करणाऱ्याच्या हाती काहीच उरत नाही. पंचनाम्यापूर्वीच घटनास्थळ धुऊन काढण्यासारखा हा प्रकार झाला.

उपाय आणि त्यांच्या मर्यादा

या दुहेरी अडचणीतून वाट काढण्याचा प्रयत्न गेल्या काही वर्षांत सुरू झाला आहे. चाचणी लिहिणाऱ्याच्या स्मरणशक्तीवर विसंबून न राहता केर काढण्याची जबाबदारी चाचणी चालवणाऱ्या साधनाकडे सोपवायची, ही त्यामागील मुख्य कल्पना. जावातील 'जेयुनिट'ने २०१९ मध्ये आणि गुगलच्या 'गो' या भाषेने २०२० मध्ये अशी सोय दिली. चाचणीने फक्त तात्पुरते फोल्डर मागायचे. ते वेगळ्या नावाचे मिळते आणि चाचणी संपताच आपोआप नाहीसे होते. पायथन भाषेतील 'पायटेस्ट' हे साधन शेवटच्या तीन खेपांची फोल्डरे राखून ठेवते आणि त्याआधीची काढून टाकते. २०२३ पासून त्यात केवळ नापास झालेल्या चाचण्यांचीच फोल्डरे ठेवण्याचा पर्यायही आला. पुरावा आणि स्वच्छता यांचा मेळ घालण्याचा हा समंजस मार्ग म्हणता येईल.

दुसरा मार्ग म्हणजे प्रत्येक खेपेला जागाच नवी घ्यायची. चाचण्या चालवून देणाऱ्या बहुतेक सेवा आज प्रत्येक कामासाठी नवा आभासी संगणक उभा करतात आणि काम संपताच तो मोडीत काढतात. केर उरण्याचा प्रश्नच राहत नाही. मात्र या सोयीने एक नवी सुस्ती आणली आहे. जागा मोडीतच निघणार असल्याने आवराआवर लिहिण्याचा कंटाळा केला जातो. मग तीच चाचणी एखाद्या अभियंत्याच्या स्वतःच्या संगणकावर किंवा कंपनीच्या कायमस्वरूपी सर्व्हरवर चालली, की दडलेले दोष वर येतात. शिवाय चाचणी जेव्हा बाहेरच्या डेटाबेसमध्ये नोंदी करते किंवा भाड्याच्या सर्व्हरवर जागा घेते, तेव्हा आपला संगणक मोडीत काढल्याने तेथला केर निघत नाही. त्याचे भाडे महिनाअखेरीस बिलात दिसते.

चाचणी मध्येच बंद पडली तर काय, हाही प्रश्न आहे. वीज गेली, वेळेची मर्यादा संपली किंवा कोणी काम मध्येच थांबवले, तर शेवटचा टप्पा येतच नाही. म्हणून अनुभवी मंडळी आवराआवर शेवटी तर करतातच, परंतु सुरुवातीलाही जागा कोरी आहे का, हे तपासून घेतात. विंडोज कार्यप्रणालीवर उघडी राहिलेली फाइल सहसा पुसता येत नाही; लिनक्सवर ती पुसता येते. त्यामुळे एकीकडे निमूटपणे चालणारी सफाई दुसरीकडे अडते. अशा अडलेल्या सफाईची सूचना दडपून न टाकता तिचा छडा लावला, तर अनेकदा मूळ सॉफ्टवेअरमधीलच दोष सापडतो. फाइल उघडून बंद करायला विसरलेली असते.

काम कोणाचे?

तांत्रिक साधने उपलब्ध असूनही अडगळ का साठते, याचे उत्तर तंत्रात सापडत नाही. ते कामाच्या वाटणीत आहे. नवी सोय घडवणाऱ्याचे नाव होते. दोष शोधणाऱ्यालाही थोडेफार श्रेय मिळते. चाचण्यांच्या फोल्डरातील ४०० निरुपयोगी फायली तपासून काढणाऱ्याचे कौतुक कोणत्याही वार्षिक मूल्यमापनात होत नाही. उलट त्याने एखादी कामाची फाइल चुकून काढली, तर बोल मात्र त्यालाच लागतो. मग 'असू दे, कशाला हात लावा' हेच शहाणपण ठरते.

पुण्यातील हिंजवडी-खराडीपासून नवी मुंबईतील ऐरोलीपर्यंत हजारो तरुण-तरुणी परदेशी ग्राहकांच्या सॉफ्टवेअरच्या चाचण्या लिहिण्याचे आणि चालवण्याचे काम करतात. ग्राहक बदलतो, चमू बदलतो, कंत्राट दुसऱ्या कंपनीकडे जाते. चाचण्या आणि त्यांची अडगळ मात्र वारशाने पुढच्यांकडे येते. कंत्राटात नव्या चाचण्यांची संख्या मोजली जाते, तेव्हा जुन्या फायलींच्या सफाईचे तास कोणी धरत नाही. मुक्तस्रोत प्रकल्पांत तर तासांचा हिशेबच नसतो. तेथील अनेक व्यवस्थापक दिवसभराची नोकरी सांभाळून रात्री हे काम करतात, आणि त्यांच्या श्रमांवर मोठमोठ्या कंपन्यांचा डोलारा उभा असतो.

त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. आज्ञावली लिहून देणारी ही साधने चाचण्याही भराभर लिहून देतात आणि काम करता करता तात्पुरत्या फायली, प्रयोगाच्या आज्ञावल्या मागे सोडतात. अडगळ वाढण्याचा वेग वाढला. तपासणाऱ्या माणसांचे डोळे मात्र तेवढेच राहिले. सफाईचे कामही याच साधनांवर सोपवावे, असा मोह होणे शक्य आहे. जुलै २०२५ मध्ये 'रेप्लिट' या कंपनीच्या अशाच साधनाने, बदल करू नयेत अशी सूचना असतानाही, एका ग्राहकाचा चालू डेटाबेस पुसून टाकला आणि कंपनीच्या प्रमुखांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली. पुसण्याचा अधिकार कोणाला द्यायचा, याचा विचार किती काटेकोरपणे करायला हवा, हे या घटनेने दाखवून दिले.

या साऱ्याचा मथितार्थ काढायचा, तर काही गोष्टी स्पष्ट दिसतात. ज्याने फाइल आणली, त्यानेच ती कोणत्या चाचणीसाठी आहे हे लिहून ठेवावे आणि त्या चाचणीबरोबर ती काढावी. कोणत्याही चाचणीला न लागणारी फाइल आढळली, तर ती आपोआप नजरेस यावी, अशी तपासणी प्रकल्पातच असावी. ही काही अवघड गोष्ट नाही. चाचणीसाठी लागणाऱ्या बिघडलेल्या किंवा विचित्र फायली तयारच्या ठेवण्यापेक्षा त्या घडवणारी वाचता येण्याजोगी आज्ञावली ठेवणे शक्य असेल तेथे तसे करावे. पुसण्याची आज्ञा फक्त चाचणीने स्वतः मागून घेतलेल्या फोल्डरापुरतीच चालावी आणि पत्ता रिकामा असेल तर तिने काम करण्यास नकार द्यावा. नापास चाचण्यांचा पुरावा ठरावीक काळ जपावा. आणि या कामाचे तास कंत्राटात, वेळापत्रकात आणि मूल्यमापनात धरले जावेत.

यांतील शेवटची गोष्ट सर्वांत कठीण आहे, कारण तिथे पैसा लागतो. परंतु 'एक्सझेड'चा चोरदरवाजा कोणत्याही कंपनीच्या सुरक्षा विभागाला सापडला नाही, हे विसरून चालणार नाही. अर्धा सेकंद कोठे गेला, हे पाहण्यासाठी थांबलेल्या एका माणसाला तो सापडला. बँकेचे व्यवहार, तिकिटांचे आरक्षण, रुग्णालयातील नोंदी ज्या संगणकांवर चालतात, त्यांच्या पायाशी असलेल्या अशा शेकडो छोट्या प्रकल्पांत आज कोणत्या फायली पडून आहेत आणि त्या कशासाठी आहेत, याची चौकशी करण्याचे काम दर वेळी योगायोगावर सोडता येणार नाही.